वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा: तो ठरतो कसा आणि हाती येईपर्यंत काय करावे लागते

मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे का, यावर आता कोर्टात फारसा वाद उरलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात तो मिटवला. तरीही बहिणींचे हिस्से बुडतात. ते कायद्यात बुडत नाहीत, तलाठी कार्यालयात आणि दुय्यम निबंधकाच्या टेबलावर बुडतात. वारसनोंदीत नाव लागत नाही, कशावर सही केली ते कळत नाही, आणि मग पंधरा-वीस वर्षे कुणी काही बोलत नाही. म्हणून या लेखात कलमांपेक्षा कागदांवर जास्त भर आहे. कार्यपद्धती महाराष्ट्रातली आहे.

आधी ठरवा: मिळकत आली कुठून?

घरात ज्याला सरसकट ‘वडिलोपार्जित’ म्हणतात ते सगळे कायद्याने वडिलोपार्जित नसते. दावा लावण्याआधी प्रत्येक गटासाठी, प्रत्येक घरासाठी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा: ती मूळ कोणी आणि कधी मिळवली, आणि ती व्यक्ती कधी वारली. हिस्सा या तारखांवर ठरतो.

पणजोबांची किंवा त्याआधीची जमीन, जी वाटणी न होता पुरुष वंशजांकडे चालत आली, ती एकत्र कुटुंबाची मिळकत. तिच्यात मुलीला जन्मतःच हक्क आहे. वडील हयात असतानाही ती वाटप मागू शकते. (मुंबई प्रांतातला एक जुना नियम इथे आडवा येऊ शकतो. वडील स्वतःच त्यांच्या वडिलांबरोबर किंवा भावांबरोबर एकत्र असतील, तर त्यांच्या संमतीशिवाय मुलाला वाटप मागता येत नाही. मुलीचा हक्क मुलासारखाच, म्हणून मर्यादाही मुलासारखीच.)

आजोबांनी १९६० मध्ये स्वतःच्या पैशाने जमीन घेतली आणि ते १९८५ मध्ये मृत्युपत्र न करता वारले, तर मात्र चित्र वेगळे. ती जमीन वडिलांना हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मिळाली आणि त्यांच्या हातात ती त्यांची स्वतंत्र मिळकत झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ पासून हीच भूमिका ठेवली आहे. अशा मिळकतीत नातवाला किंवा नातीला जन्मतः हक्क नाही. वडील ती हयातीत विकू शकतात, बक्षीस देऊ शकतात, मृत्युपत्राने एकाच मुलाला देऊ शकतात.

यावरून बऱ्याच मुली निराश होऊन परत जातात, आणि तिथेच चूक होते. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर त्यांच्या स्वतंत्र मिळकतीत मुलगी वर्ग १ ची वारस आहे: मुलगा, विधवा पत्नी आणि वडिलांची आई यांच्या बरोबरीने. हा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आलेला नाही. तो १७ जून १९५६ पासून, म्हणजे कायदा आला त्या दिवसापासून आहे. ‘२००५ आधीचं काही मागता येत नाही’ असे भाऊ सांगत असेल, तर तो दोन वेगळे हक्क एकत्र करतो आहे.

वडीलच १७ जून १९५६ पूर्वी वारले असतील तर जुना हिंदू कायदा लागतो. त्यात मुलगे किंवा विधवा मागे असताना मुलीच्या पदरात सहसा काही पडत नाही. एकटी मुलगीच मागे राहिली असेल तर स्वकष्टार्जित मिळकत तिला मिळते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आहे.

कायदा हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. अनुसूचित जमातींना मात्र, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय, हा कायदा आपोआप लागू होत नाही. त्यांच्याबाबत रूढी तपासावी लागते आणि तसा अनुभव असलेला वकील लागतो.

दोन तारखा पाठ ठेवा

पहिली ९ सप्टेंबर २००५. या दिवशी हिंदू उत्तराधिकार कायद्याचे सुधारित कलम ६ लागू झाले आणि मुलगी मुलासारखीच जन्मतः सहदायक, म्हणजे एकत्र मिळकतीची हिस्सेदार झाली. जन्म कधी झाला, लग्न कधी झाले, लग्नात किती खर्च झाला, काही फरक पडत नाही. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत ही अट २०१५ च्या एका निकालामुळे आली होती. २०२० च्या निकालाने ती काढून टाकली. महाराष्ट्रात २२ जून १९९४ पासून राज्याची वेगळी सुधारणा होती, तिने त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते. ‘बहिणीचं लग्न चौऱ्याण्णवच्या आधी झालंय’ हे वाक्य गावात अजून ऐकू येते ते त्या कायद्यामुळे. २००५ नंतर त्या वाक्याला अर्थ उरलेला नाही.

दुसरी २० डिसेंबर २००४. या तारखेपूर्वी झालेली विक्री, हस्तांतर, मृत्युपत्राने केलेली विल्हेवाट आणि वाटणी यांना संरक्षण आहे. पण वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा. भाऊ जेव्हा ‘आमची अठ्ठ्याण्णवलाच तोंडी वाटणी झालीय’ म्हणतो, तेव्हा ती सिद्ध करायची जबाबदारी त्याची, आणि भार जड आहे. केवळ तोंडी साक्षीवर कोर्ट ती मानत नाही. सरकारी कागदांचा भक्कम आधार असलेल्या अपवादात्मक प्रकरणातच ती टिकू शकते. तहसीलदारांसमोर वाटप होऊन फेरफार झाला असेल, सातबारे वेगळे झाले असतील, तर हा बचाव गंभीरपणे घ्या आणि त्या फेरफाराची जोडकागदपत्रे आधी मिळवा. अनेकदा त्यात बहिणींना नोटीस गेलेलीच नसते.

हिस्सा मोजून बघा

समजा एकत्र कुटुंबाची ४ हेक्टर जमीन आहे. वडील २०१२ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, एक मुलगा, दोन मुली. आधी वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे धरायचे. हिस्सेदार वडील, मुलगा आणि दोन मुली. आई सहदायक नसली तरी वाटणीत तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. पाच समान वाटे, प्रत्येकी ८० आर (१०० आर म्हणजे १ हेक्टर). मग वडिलांचे ८० आर चार वारसांत, प्रत्येकी २० आर. प्रत्येकाच्या वाट्याला १ हेक्टर.

जुन्या पद्धतीने काय होत होते ते पाहिले की फरक कळतो. वडील, मुलगा आणि आई असे तीनच वाटे, आणि मुलींना फक्त वडिलांच्या तिसऱ्या हिश्श्यातला चौथा भाग, म्हणजे ४ हेक्टरमागे जेमतेम ३३ आर. १९८० किंवा १९९० च्या दशकात वडील वारलेल्या कुटुंबांत अजूनही काही जण हाच हिशेब मांडतात. तो आता लागू नाही. दावा आधीपासून चालू असला, प्राथमिक हुकूमनामा (फक्त हिस्से ठरवणारा) झाला असला, तरी अंतिम हुकूमनामा होईपर्यंत सुधारित हिस्सा मागता येतो.

वडिलांनी मृत्युपत्र करून ‘सगळी जमीन मुलाला’ लिहिले असेल तर? एकत्र मिळकतीत ते फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. वरच्या उदाहरणात मुलाला १ हेक्टर ६० आर, आई आणि दोन्ही मुलींना प्रत्येकी ८० आर. म्हणजे मृत्युपत्र खरे ठरले तरी मुलीचे ८० आर कोणी घेऊ शकत नाही. मृत्युपत्र दाखवले की लढा संपला असे समजणाऱ्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावे.

हिस्सा येतो तसा बोजाही येतो. जमिनीवर विकास सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज असेल तर त्यातही मुलीचा वाटा येतो. सुनेला सासरच्या एकत्र मिळकतीत जन्माचा हक्क नाही. दत्तक मुलगी मात्र सख्ख्या मुलीसारखीच.

कागद गोळा करणे

वाटाघाट असो की दावा, हे काम आधी. आणि ते गाजावाजा न करता. भावाला कळल्यावर विक्रीची घाई होते.

सध्याचे सातबारे आणि ८अ महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावरून मिळतात, डिजिटल सहीचे घ्या. ८अ वरून त्या गावातली एका खात्याची सगळी जमीन दिसते. शेजारच्या गावात असेल तर तिथला ८अ वेगळा काढावा लागतो आणि हेच विसरले जाते. मग सातबाऱ्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक धरून एकेक फेरफार मागे मागे काढत जा, १९५० च्या दशकापर्यंत. अनेक तालुक्यांचे जुने अभिलेख ऑनलाइन पाहता येतात, नाहीतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. एकत्रीकरण योजनेत सर्वे नंबरांचे गट नंबर झाले, तिथे दोन्हींचा मेळ घालणारा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. हा दुवा नसेल तर आजोबांचा सर्वे नंबर आणि आजचा गट एकच, हे कोर्टात सिद्ध करता येत नाही.

सातबारा वाचताना नावाशेजारी ‘ए.कु.मॅ.’ लिहिले आहे का पाहा. एकत्र कुटुंब मॅनेजर. ही तीन अक्षरे थोरल्या भावाच्या नावापुढे असतील तर जमीन त्याची एकट्याची नाही, कुटुंबाची आहे, हे सरकारी दप्तरच सांगते आहे. पुढच्या एखाद्या फेरफारात ती गुपचूप गळाली असतील तर तो फेरफार नक्की काढा. तसेच ‘इतर हक्क’ रकाना पाहा. पूर्वी बहिणींची नावे खातेदार म्हणून न लावता त्या रकान्यात वारस म्हणून लिहिण्याची पद्धत होती. ते नाव म्हणजे तुमच्या बाजूचा पुरावा आहे. भाऊ ‘नाव कमी करायला नुसता अर्ज द्यायचाय, सही कर’ म्हणतो तो अर्ज बहुधा याच नोंदीसाठी असतो.

गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मिळकत पत्रिका. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा दाखला नाही. सोसायटीच्या फ्लॅटवर भावाचे नाव वारसदार म्हणून नामनिर्देशित असेल तरी त्याने तो मालक होत नाही, तो सगळ्या वारसांसाठी धरून ठेवणारा असतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून गट क्रमांक टाकून शोध घ्या, म्हणजे खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र झाले असेल तर दिसते.

मुलीचे माहेरचे आणि सासरचे नाव जुळवणारा कागद लागतोच: शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्र. वडिलांचा मृत्यू दाखला, प्रतिज्ञापत्रावर वंशावळ. वंशावळीत वारलेल्या भावंडांची मुलेही लिहा.

वारसनोंद

वडील वारल्यावर तीन महिन्यांत वारसांनी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचे असते. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. वारसांची चौकशी होऊन नावे गाव नमुना ६क या वारसांच्या नोंदवहीत येतात, मग फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. नंतर मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात.

गडबड होते ती अर्जात. भाऊ वंशावळीत बहिणी लिहीतच नाही, किंवा लिहितो आणि नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते, जिथे ती घेणारा तोच असतो. म्हणून वाट न बघता स्वतःच अर्ज करा आणि त्यात सासरचा पत्ता द्या. भावाचा अर्ज आधीच गेला असेल तर १५ दिवसांत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी झाल्याशिवाय नोंद प्रमाणित होत नाही.

फेरफार प्रमाणित झालाच असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांताकडे, ६० दिवसांत अपील. उशीर झाला असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत, नोंद कधी आणि कशी कळली ते तारखेसह. दहा वर्षांचा उशीर असेल तर इथे फार शक्ती घालवू नका. महसुली नोंद मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही, ती महसूल वसुलीसाठी असते. नाव नसले तरी हक्क राहतो, पण नाव नसलेली जमीन विकणे भावाला सोपे जाते. नोंदीचे खरे महत्त्व तेवढेच.

सही करण्यापूर्वी

हक्कसोडपत्र हा या सगळ्या विषयातला सर्वात धोक्याचा कागद. तो नोंदणीकृत असावा लागतो. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेले हक्कसोडपत्र स्थावर मिळकतीतला हक्क संपवत नाही. भावाच्या नावे केले तर मुद्रांक नाममात्र लागतो, म्हणून ते चटकन होऊन जाते. तलाठ्यासमोर दिलेला ‘माझी हरकत नाही’ असा जबाब म्हणजे हक्कसोड नाही, पण पुढे उलटतपासणीत तो समोर येतोच.

नोंदणीकृत हक्कसोडपत्र फसवून घेतले असेल तर ते रद्द करण्याचा दावा फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. विहिरीच्या अनुदानासाठी, पीकविम्यासाठी सही हवी असे सांगून दुय्यम निबंधक कार्यालयात नेले जात असेल तर तिथेच थांबा: या कामांना तिथे अंगठा आणि फोटो लागत नाही. कुलमुखत्यारपत्राचीही तीच गोष्ट, त्यात ‘विक्री करणे, हक्कसोड करणे’ हे शब्द आहेत का ते वाचा.

मनापासून हक्क सोडायचा असेल तर तो मुलीचा निर्णय. पण कोणाच्या लाभात ते नीट लिहा. एका भावाच्या नावे सोडायचा आणि मसुद्यात दुसऱ्याचे नाव, असे प्रकार घडतात.

आपसात वाटप, नाहीतर दावा

सगळे तयार असतील तर दोन वाटा: नोंदणीकृत वाटणीपत्र, किंवा शेतजमिनीपुरते जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप. दुसरी वाट स्वस्त आहे, पण एका जरी सहधारकाची संमती नसली तरी अडते. मुलीने जमिनीऐवजी पैसे घ्यायचे ठरवले तर रक्कम बँकेतून आणि सहीच्या आधी. ‘पुढच्या हंगामात देतो’ यावर सही नको.

तडजोड होत नसेल तर वकिलामार्फत नोटीस आणि मग दिवाणी न्यायालयात वाटप आणि स्वतंत्र ताब्याचा दावा. खर्चाची भीती बरीचशी अनाठायी आहे. महाराष्ट्रात मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे, ही सवलत १९९४ पासूनची. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

दावे पडतात ते बहुधा दोन कारणांनी. एखादा हिस्सेदार पक्षकार करायचा राहतो: वारलेल्या बहिणीची मुले, आई, किंवा मधल्या काळात जमीन घेतलेला खरेदीदार. किंवा एखादी मिळकत राहते आणि ‘अंशतः वाटपाचा दावा’ अशी हरकत येते. भावाच्या नावे घेतलेली जमीन एकत्र उत्पन्नातून घेतली असेल तर तीही यादीत घाला. मात्र एकत्र मिळकतीचे उत्पन्न तेवढे होते, हे आधी तुम्हाला दाखवावे लागते. मग ती स्वतःच्या पैशाची असल्याचा भार त्याच्यावर जातो. ऊस कारखान्याची किंवा बाजार समितीची जुनी बिले इथे कामी येतात.

दाव्यासोबतच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, विक्री आणि बोजा थांबवण्यासाठी. दावा दाखल झाल्याची नोटीस, जिला वकील मंडळी लिस पेंडन्स म्हणतात, दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, म्हणजे नंतर घेणाऱ्याला ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येणार नाही. रस्त्यात किंवा धरणात जमीन जात असेल तर भूसंपादन अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत आजच द्या. मोबदला एकदा भावाच्या खात्यात गेला की तो परत मिळवणे जमिनीपेक्षा कठीण.

एकत्र मिळकतीत सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांसाठीच धरला जातो, म्हणून वेळ गेली तरी हक्क लगेच बुडत नाही. पण भावाने ‘तुझा यात काही संबंध नाही’ असे स्पष्ट नाकारले आणि तुम्हाला ते कळले, की १२ वर्षांची मुदत सुरू होते. तसे पत्र, नोटिशीला दिलेले उत्तर, मोबाइलवरचा संदेश मिळाला असेल तर त्याची तारीख वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा.

हुकूमनाम्यानंतर

प्राथमिक हुकूमनामा फक्त हिस्सा सांगतो, जमीन हातात देत नाही. अनेक कुटुंबे इथे पेढे वाटतात आणि पुढचा अर्जच करत नाहीत. सारा आकारलेल्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते: कागद तहसीलकडे, तिथून भूमी अभिलेखकडे, मोजणी, वाटप तक्ता, हरकती, ताबा. घरांसाठी कोर्ट आयुक्त नेमते आणि अंतिम हुकूमनामा वेगळा होतो.

वाटप तक्ता आला की विहीर, पाइपलाइन, रस्ता आणि बांधावरची झाडे कोणाच्या वाट्याला गेली ते पाहा. क्षेत्र बरोबर पण पाणी सगळे भावाकडे, हा नेहमीचा प्रकार आहे, आणि हरकत घ्यायची वेळ तीच. हिस्सा तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणभूत, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान, क्षेत्राहून लहान पडत असेल तर वेगळा तुकडा पाडता येत नाही, त्याची भरपाई पैशात मिळते. तेव्हा दर कोणता धरला ते तपासा.

ताबा घेताना पंचनामा आणि ताबा पावतीची नक्कल घ्या, हद्दीच्या खुणा त्याच दिवशी पक्क्या करा, आणि त्या कागदांवर लगेच फेरफाराचा अर्ज टाका. नवा सातबारा हातात आला की त्यातले क्षेत्र आणि आकार वाटप तक्त्याशी ताडून पाहा.